सर्व्हरवरचं गाव

मिलिंद वाघमारे व्हिडिओ गेम खेळतात हे मला कळलं तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते आणि मी अठ्ठेचाळीस. लातूरच्या पाटबंधारे उपविभागात ते आरेखक होते आणि मी लेखाशाखेत. आमची टेबलं एकाच खोलीत होती, मध्ये नकाशांचं लोखंडी कपाट. चार वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला होता. त्या चार वर्षांत मला एवढंच समजलं होतं, की हा माणूस कमी बोलतो, पेन्सिलीला टोक ब्लेडनेच काढतो आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

कळायला कारण झाली माझी मुलगी. ती तेव्हा नववीत होती. मोबाइलवरच्या एका गेममध्ये तिला वाढदिवसानिमित्त एक बंद पेटी विकत घ्यायची होती. पेटी उघडली की आत कपडे, तलवार, पंख असं काहीतरी निघतं. मी डबा खाताना हे सहज बोललो. वाघमारेंनी पोळीचा घास खाली ठेवला.

"आत काय निघंल ते लिहिलंय का?"

मी म्हणालो, नाही, नशिबावर आहे म्हणते.

"जत्रेत रिंग टाकायचा खेळ असतो बघा, भाऊसाहेब. तिथं निदान साबणाची वडी समोर दिसती. रिंग बारकी हाय हे बी दिसतं. इथं वडी दिसत न्हाई, रिंग दिसत न्हाई, अन् फेकणारा हात बी त्यांचाच."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. त्याच गेममध्ये रोज एक पेटी फुकट मिळते. सहा महिने रोज सकाळी ती उघडून आत काय निघालं याची नोंद त्यांनी ठेवली होती: तारीख, वस्तू, शेरा. कंपनीने तिच्या वेबसाइटवर सांगितलेलं प्रमाण आणि वहीतलं प्रमाण जुळत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मी ते तपासून द्यावं अशी विनंती होती. मी दोन दिवस ती वही घरी नेली. आकडे जुळत नव्हते हे खरं, पण एवढ्या नोंदींवरून कुणाला खोटं ठरवता येत नाही हेही खरं. तसं मी सांगितलं. वाद न घालता त्यांनी खाली लिहिलं, "भाऊसाहेबांचे मत: नमुना अपुरा", आणि पुढचे सहा महिने पुन्हा रोज पेटी उघडली. वर्ष भरायच्या आत कंपनीने गेममध्ये सुधारणा करून पेट्यांचे प्रकारच बदलले. वाघमारेंनी वहीत लाल शाईने आडवी रेघ मारली आणि रेघेखाली एक नंबरपासून सुरुवात केली.

मी मुलीला नाही म्हणालो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. हा त्या वर्षभराच्या मोजणीचा एकमेव दिसणारा परिणाम.

त्यानंतर मात्र डबा खाताना ते बोलू लागले. मला गेममधलं काही कळत नाही, पण एखाद्याने एखाद्या विषयाची फाइल पूर्ण वाचलेली आहे हे बोलण्यावरून कळतं. नवा गेम ते पहिल्या वर्षी कधीच घ्यायचे नाहीत. पूर्वी गेम पूर्ण झाल्यावर दुकानात यायचा. आता अर्धवट आणतात, गिऱ्हाइकांकडून चुका काढून घेतात आणि मग दुरुस्त्या पाठवतात. "पुलाला भेगा हायत का ते बघायला आधी लोकांच्या गाड्या सोडायच्या, असा कारभार हाय," ते म्हणायचे. निघायच्या आधीच पैसे भरून गेमची नोंदणी करणाऱ्यांची त्यांना कीव यायची. रोज गेम उघडला की बक्षीस देण्याची पद्धत निघाली आहे, एक दिवस चुकला तर बक्षीस बुडतं. त्याला ते हजेरीपट म्हणत. ऑफिसात एकदा सही केली ती पुरे, घरी जाऊन दुसऱ्या मस्टरवर सही करणार नाही, असं त्यांचं धोरण होतं. जुनेच गेम नवा रंग देऊन पुन्हा विकतात याबद्दल त्यांची तक्रार मवाळ होती, कारण त्यातले दोन त्यांनी स्वतः घेतले होते. हल्लीच्या गेममधलं पाणी फार सुरेख असतं, त्यात आभाळ दिसतं, हे ते कौतुकाने सांगायचे आणि वर म्हणायचे की त्या पाण्यात उतरायला गेलं की माणूस काठावरच अडकतो.

एक सवय मी त्यांच्या घरी पाहिली. रेणापूर रस्त्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पत्नी सुनंदाताई चाकूरजवळ जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. एका रविवारी मी गेलो तर वाघमारे टीव्हीसमोर बसले होते आणि पडद्यावर नुसती नावं वर सरकत होती. गेम संपला होता. तो बनवणाऱ्यांची ती यादी होती. मी वीस मिनिटं थांबलो, नावं संपली नाहीत.

"बंद करा की," मी म्हणालो.

"भिंती काढणाऱ्यांची नावं अजून यायचीत."

आमच्या नकाशांवर उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि सगळ्यात खाली आरेखक. ती खालची ओळ कुणी वाचत नाही. वाघमारे गेममधली खालची ओळ वाचायचे. भिंती, दारं, पायऱ्या, झाडं ज्यांनी काढली त्यांची नावं ते लिहून ठेवत. पुढे बातमी यायची की गेम भरपूर खपला आणि तो बनवणाऱ्यांतल्या शेकडो लोकांना कंपनीने घरी बसवलं. त्या दिवशी ते वही उघडून बसत. कुणाला काढलं हे बातमीत नसतं. तरी ते नावांवरून बोट फिरवत.

आता गावाचं सांगतो.

वाघमारे किल्लारीच्या बाजूच्या एका लहान गावचे. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा ते लातूरला आयटीआयमध्ये नकाशाकामाचा कोर्स करत होते आणि वसतिगृहात राहत होते, म्हणून वाचले. वडील आणि धाकटी बहीण शोभा गेली. आईला दुपारी बाहेर काढलं. हे सगळं त्यांनी मला तीन-चार वाक्यांत सांगितलं, एकदाच. त्यातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

"मी नकाशा शिकायलो होतो, भाऊसाहेब, अन् माझं घर मला सापडलं न्हाई. गल्लीच कुठली ते कळंना."

माळवदाची घरं होती ती. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं धाबं. सगळं एकमेकांत मिसळलं होतं. पुढे गाव दोन किलोमीटरवर नव्याने वसवलं. सरळ रस्ते, सारखी घरं, घरांना नंबर. जुन्या जागी बाभळी वाढल्या.

कुठलासा एक गेम होता, ज्यात प्रत्येकाला जमिनीचा मोठा तुकडा मिळायचा आणि त्यावर हवं ते बांधता यायचं. लोक किल्ले बांधत, आगबोटी बांधत. बांधलेल्यात इतरांना येऊन फिरता यायचं. वाघमारेंनी नियमाप्रमाणे एक वर्ष थांबून त्याची डिस्क घेतली. डिस्कच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता: विकत घेतलेली वस्तू घरात दिसली पाहिजे. त्या तुकड्यावर त्यांनी जुनं गाव बांधायला घेतलं.

हे काम तीन वर्षं आणि चार महिने चाललं. दर रविवारी सकाळी ते एसटीने नव्या गावात जायचे, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचे आणि विचारायचे. कुणाच्या घराला किती पायऱ्या होत्या, दार कुठल्या अंगाला, परसात काय. कागदपत्र जवळपास काहीच नव्हतं. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. देवळापुढच्या गल्लीची रुंदी किती, यावर एकदा पाऊण तास गेला. कुणी दहा फूट म्हणे, कुणी सहा. शेवटी एक आजी म्हणाली की बैलगाडी आली की आम्ही भिंतीला पाठ लावून उभं राहायचो, अन् चाक लुगड्याला लागायचं. वाघमारेंनी गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर घेतलं, त्यात भिंतीला टेकलेल्या बाईची जाडी मिळवली आणि साडेसात फूट लिहिलं. मी आयुष्यभर मोजमापं तपासली आहेत. इतकं खात्रीचं मोजमाप मी मोजक्याच वेळा पाहिलं.

दुसऱ्या वेळी गणपतराव पाटील होते. जुन्या गावच्या पाटील घराण्यातले, वय ऐंशीच्या पुढे. वाघमारेंनी कागदावर गावाची विहीर काढली होती, आणि गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला आपली वस्ती. विहिरीपासून थोडं दूर त्यांनी एक सपाट दगड दाखवला होता. गणपतरावांनी विचारलं, हे काय.

"इथं माझी माय घागर घेऊन उभी ऱ्हायाची. कुणी ओतंल म्हणून."

गणपतरावांनी कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "मिलिंदा, आता कशाला ते? झालं गेलं. तुझाच गेम हाय, समदं एका जागी दाखव की. वस्ती आत घे."

"न्हाई, काका. जसं होतं तसं काढायचं. आपण नकाशात दुरुस्ती करत न्हाई."

आवाज चढला नव्हता. मला वाटलं आता म्हातारा उठून जाणार. तो उठला नाही. त्याने काठीचं टोक कागदावर ठेवलं.

"मग दगूड चुकलाय तुझा. दोन पावलं अलीकडं होता. सावलीला."

वाघमारेंनी खोडरबर घेतलं, दगड दोन पावलं अलीकडे काढला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "माहिती: गणपतराव पाटील".

सगळी मिळून एकशे अठ्ठ्याऐंशी घरं झाली. पहिली शंभर होईपर्यंत आईला, भामाबाईंना, त्यांनी काही दाखवलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर एका दुपारी टीव्हीसमोर बसवलं. भामाबाईंनी पडद्यावरची गल्ली ओळखली आणि लगेच त्यांना वाट सांगायला लागल्या. डावीकडं घे. हळू चल, इथं उतार हाय. हे घर पारूचं, हिची म्हस मारकी. त्या दिवसापासून रोज जेवण झालं की मायलेक गावात जायचे. वाघमारे कंट्रोलर धरायचे आणि आई सांगेल तिथे वळायचे. त्या गावात माणसं नव्हती. गेममध्ये माणसं ठेवायची सोय होती. वाघमारेंनी ती वापरली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली नांदेडला झाली. मग फोनवर बोलणं व्हायचं, बहुतेक रविवारी, ते गावातून परत आल्यावर. गेल्या वर्षी एका सोमवारी दुपारी फोन आला. ऑफिसच्या वेळेत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"भाऊसाहेब, गाव बंद करायलेत."

गेम चालवणाऱ्या परदेशी कंपनीने सूचना काढली होती. खेळणारे कमी झाले, सेवा परवडत नाही, म्हणून सहा महिन्यांनी सर्व्हर बंद होतील. लोकांनी जे बांधलं ते सर्व्हरवरच होतं. ते सगळं जाणार. खेळाडूंच्या प्रेमाबद्दल आभार मानले होते.

मी विचारलं, डिस्क आहे ना तुमच्याकडे? घरात आहे ना?

"डिस्क हाय. डिस्क नुसती किल्ली हाय. घर त्यांच्या जागंत बांधलंय मी."

हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. गेम सुरू करताना चाळीस पानांच्या शर्ती येतात आणि खाली "मान्य आहे" असं बटन असतं. ती चाळीस पानं वाचणारा भारतात कदाचित हा एकच माणूस असेल. सेवा कधीही बंद करण्याचा हक्क कंपनीला आहे हे त्यांनी वाचलं होतं, त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती. मग इतकी वर्षं तिथे का घातली, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"माळवद घालताना पडंल म्हणून कोण घालतं, भाऊसाहेब?"

त्यानंतर त्यांनी तेच केलं, जे आम्ही तीस वर्षं करत आलो. अर्ज केला. प्रति, विषय, संदर्भ, महोदय. इंग्रजीत, पण घाट आमच्या ऑफिसचाच. मसुदा मला तपासायला पाठवला. मागणी साधी होती: माझं बांधकाम मला माझ्या घरच्या संगणकावर उतरवून घेण्याची परवानगी द्यावी, मी ते विकणार नाही. सोबत गावाचा नकाशा, घरांची यादी आणि भूकंपात गेलेल्या माणसांची यादी जोडली. ईमेल केला आणि वर रजिस्टर पोस्टानेही पाठवला. उत्तर दोन मिनिटांत आलं. ते यंत्राने पाठवलेलं होतं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. वाघमारेंनी तेही छापून फाइलला लावलं. महिन्याने पहिलं स्मरणपत्र. त्यानंतर दुसरं.

दुसऱ्याला एका माणसाने उत्तर दिलं. एमा नावाच्या बाईने. तिने नकाशा उघडून पाहिला होता, कारण दगडाबद्दल विचारलं होतं, हा मोकळा दगड कसला. वाघमारेंनी दोन पानं लिहून कळवलं. तिने लिहिलं की तिला रडू आलं, आणि ती हे वरच्यांकडे नेते. वाघमारे त्या आठवड्यात मला दोनदा म्हणाले, टेबलावर फाइल पोचली हो. तीन आठवडे काही आलं नाही. तिसऱ्या स्मरणपत्रासोबत त्यांनी तिला वेगळं पत्र लिहिलं, ते परत आलं. तो पत्ता आता अस्तित्वात नाही. बातम्यांत होतंच, कंपनीने आणखी माणसं कमी केली होती. वाघमारेंनी तिचं नाव त्या भिंती काढणाऱ्यांच्या वहीत लिहिलं.

आता माझा भाग. तो मी गाळू शकत नाही.

त्याच गेममध्ये हैदराबादचा रेड्डी नावाचा एक संगणक अभियंता वाघमारेंच्या ओळखीचा झाला होता. त्याने स्वतःहून सांगितलं की त्याच्याकडे एक युक्ती आहे. सर्व्हर चालू आहे तोवर गावाची पूर्ण प्रत काढून घेता येईल, चार दिवस लागतील. मात्र हे शर्तींच्या विरुद्ध आहे. कंपनीने ठरवलं तर नोटीस पाठवू शकते. वाघमारेंनी मला फोन करून विचारलं, काय करू. तिसरं स्मरणपत्र जाऊन आठ दिवस झाले होते.

मी म्हणालो, "अर्ज चालू आहे ना? मग निर्णय येईपर्यंत हात लावू नका. तुम्ही सरकारी नोकर आहात. मान्य आहे म्हणून सही केली आहे. लेखी परवानगी येऊ द्या."

ते म्हणाले, "हाव. माझं बी तेच मत हाय."

माझं मत विचारण्याआधीच त्यांचं तेच मत होतं, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. अर्ज प्रलंबित असताना परस्पर काही करायचं नाही, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. दिलेला अर्ज कुठेतरी आवक नोंदवहीत चढतो, त्याला नंबर पडतो आणि आज ना उद्या कुणीतरी त्यावर हो किंवा नाही लिहितो, हे आम्ही धरून चालतो. तिथे आवक नोंदवहीच नव्हती. आम्ही पाच आठवडे थांबलो. शेवटी वाघमारेंनी रेड्डीला फोन केला, की कर बाबा. रेड्डीने दोन दिवस प्रयत्न केला. मधल्या काळात कंपनीने बंद करण्याच्या तयारीत काही बदल केले होते आणि त्याची युक्ती आता चालत नव्हती. त्याने हिंदीत माफी मागितली. त्याने माफी मागायचं काही कारण नव्हतं.

माझा सल्ला चूक होता असं मी आजही म्हणू शकत नाही. बरोबर होता असंही म्हणता येत नाही. मी वाघमारेंना तसं बोललो तेव्हा ते म्हणाले, सोडा, भाऊसाहेब, आणि नांदेडला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं.

उरलेल्या दिवसांत त्यांनी पडद्याचे फोटो काढले, प्रत्येक घराचे चार बाजूंनी. सातशे बावन्न फोटो. ते आजही आहेत. पण फोटोत भामाबाईंना काही ओळखू येत नाही. त्यांना घर चालत गेल्यावर कळतं.

बंद होण्याची वेळ कंपनीने त्यांच्या देशाच्या घड्याळाप्रमाणे दिली होती. आपल्याकडे ती बुधवारी दुपारी अडीचची येत होती. वाघमारेंनी ती माझ्याकडून पडताळून घेतली. मी रजा टाकून सकाळच्या गाडीने लातूरला गेलो. सुनंदाताईंना शाळेत तपासणी असल्याने रजा मिळाली नव्हती. गणपतरावांना मात्र त्यांच्या नातवाने जीपने आणून सोडलं होतं. त्यांनी खुर्ची नको म्हटलं, खाली सतरंजीवर भामाबाईंपासून थोडं अंतर ठेवून बसले. आईला काय सांगितलं आहे, असं मी वाघमारेंना स्वयंपाकघरात विचारलं. त्यांनी मान हलवली. काही सांगितलं नव्हतं.

दीडला ते गावात शिरले. आधी गणपतरावांच्या वाटेने. पाटलांच्या दारातून, देवळावरून, विहिरीपर्यंत. विहिरीजवळ गणपतराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. वैनीला फिरव." भामाबाईंना ते वैनी म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, चला, वस्तीवर जाऊ.

ओढ्याकाठच्या पायवाटेने वाघमारे सावकाश निघाले. मी घड्याळाकडे बघत होतो, ते एकदाही बघत नव्हते. भामाबाई बोलत होत्या. इथं शोभी पडली होती, गुडघा फुटला होता. ही बाभळ तेव्हा बारकी होती. कुणाकुणाची दारं लागत गेली तशी त्या नावं घेत गेल्या. मग त्यांच्याच घराचं दार आलं. वाघमारे क्षणभर थांबले आणि आत गेले. चूल, कणगी, भिंतीतला कोनाडा. कोपऱ्यात दोन घोंगड्या अंथरलेल्या.

"बस, इथंच बसू जरा," भामाबाई म्हणाल्या.

अडीचला दोन मिनिटं होती. मग एक. अडीच वाजले आणि घर तसंच होतं. मला वाटलं, कुणीतरी विसरलं असेल. त्यानंतर साधारण चाळीस सेकंदांनी पडदा काळा झाला आणि मधोमध इंग्रजीत एक ओळ आली, संपर्क तुटला आहे. तीही थोड्या वेळाने गेली.

भामाबाईंनी पडद्याकडे बघतच विचारलं, "लाईट गेली का रं?"

वाघमारेंच्या हातात कंट्रोलर होता. अंगठे अजून बटनांवर होते.

"हाव, माय."

आमच्या डोक्यावर पंखा चालू होता. गणपतरावांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येईल की मग," भामाबाई म्हणाल्या. त्यांनी पाय दुमडून घेतले, पदर गुडघ्यांवर ओढला आणि लाईटची वाट बघत बसल्या. आम्ही तिघंही बसून राहिलो.